एका तिकिटाची बारा हजार फुलं

मार्च सरत आला की शिरपूरचा पारा चाळिशीला टेकतो. त्याच सुमाराला हॉलंडमध्ये, ॲमस्टरडॅमच्या नैऋत्येला लिसे नावाच्या गावात, क्यूकेनहॉफ बागेचे दरवाजे उघडतात. मेच्या मध्याला ते पुन्हा बंद. जेमतेम आठ आठवड्यांचा कारभार.

हल्ली शिरपूर-चोपड्याकडची बरीच मुलं इंजिनिअर होऊन आइंडहोव्हनला नाहीतर ॲमस्टरडॅमला जाऊन राहिली आहेत. इथे भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा आई-वडिलांना तिकडे बोलावून घ्यायला याहून बरी वेळ कुठली? मग आठ-पंधरा दिवसांत भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येऊन पडतात. सहावारीवर स्वेटर, स्वेटरवर जाकीट चढवलेल्या काकू, शेजारी मफलर गुंडाळलेले काका, आणि मागे लाल-पिवळ्या पट्ट्यांचं पार क्षितिजाला भिडलेलं शेत. खाली एकच वाक्य असतं: एवढी फुलं जन्मात पाहिली नव्हती.

हे वाक्य हिशेब घालून तपासण्यासारखं आहे.

आधी बागेचेच आकडे घेऊ. क्यूकेनहॉफ ३२ हेक्टरांवर आहे, म्हणजे ७९ एकर. सिलिंगचा कायदा येण्याआधी आपल्या तालुक्यात एवढी जमीन एखाद्या पाटलाच्या घरातही निघाली असती. तेवढ्या जागेत दरवर्षी ७० लाख कंद लावतात, एकूण एक हाताने. ट्यूलिपच्याच ८०० जाती. चाळीसेक माळी ऑक्टोबरात सुरुवात करतात आणि डिसेंबर उजाडेपर्यंत लावतच राहतात. एकेका माळ्याच्या वाट्याला पावणेदोन लाख कंद येतात. दहा आठवडे आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर रोजचे साडेतीन हजार. आपल्याकडच्या कांदा लावणाऱ्या बायका हा आकडा ऐकून हसतील. एकरात कांद्याची अडीच लाखांवर रोपं बसतात आणि वीसेक बायका दिवस मावळायच्या आत ती लावून मोकळ्या होतात. काढा भागाकार. अर्थात तिकडे नकाशा हातात धरून, आधी फुलणारे आणि मागून फुलणारे कंद एकाखाली एक थरांत लावावे लागतात, त्यामुळे तुलना पुरती न्यायाची नाही. पण करायचा मोह होतो.

ही बाग १९५० साली लोकांना खुली झाली तेव्हा पहिल्या वर्षी २ लाख ३६ हजार माणसं आली होती. आता एका हंगामात १४ लाखांच्या आसपास येतात. आठ आठवड्यांचे ५६ दिवस, म्हणजे दिवसाला २५ हजार. शिरपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाऊण लाखाच्या थोडी वर होती. तीन दिवसांत सगळं शिरपूर आत जाऊन बाहेर आलं म्हणायचं. ७० लाख कंदांना १४ लाख माणसांनी भागलं तर माणशी पाच फुलं येतात. जन्मात पाहिली नव्हती ती फुलं माणशी पाच!

फोटोतली ती पट्ट्यापट्ट्यांची शेतं मात्र बागेतली नसतात. ती आजूबाजूच्या शेतकऱ्यांची. ‘सिलसिला’ सिनेमामुळे १९८१ पासून आपल्या डोळ्यांत बसलेलं हॉलंड ते हेच. सबंध हॉलंडमध्ये ट्यूलिपखाली साधारण १५ हजार हेक्टर जमीन आहे. लिली, डॅफोडिल, हायसिंथ असे सगळे फुलांचे कंद मिळून २७ हजारांच्या आसपास. त्यातलीही बरीच समुद्राला मागे रेटून काढलेली. नूर्डओस्टपोल्डर हा आजचा मोठा ट्यूलिपपट्टा १९४२ साली कोरडा पडला, त्याआधी तिथे पाणी होतं आणि पाण्यात मासे.

या शेतांतली गंमत फोटोत दिसत नाही. तिथला शेतकरी फुलं विकतच नाही, तो कंद विकतो. दुकानात मिळणारी ट्यूलिपची फुलं बहुतेक काचघरांत वाढलेली असतात. उघड्या शेतातलं फूल त्याला एवढ्यासाठीच हवं असतं की रंग बघून जात पटावी आणि रोगट झाडं ओळखून उपटता यावीत. ते काम झालं की शेतातून यंत्र फिरतं आणि सगळ्या फुलांची मुंडकी उडवतं. फूल तसंच राहू दिलं तर झाड बी धरायला लागतं आणि कंद बारीक राहतो.

माझे एक मामा कापसाचे शेतकरी. लेकीकडे गेले होते तेव्हा बागेत फिरून आले, चांगलं आहे म्हणाले आणि गप्प बसले. पण रस्त्याने जाताना ते यंत्र दिसलं तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. ‘फुलं कसाले तोडतस?’ लेकीने कारण सांगितलं. मामांना ते लगेच पटलं. कपाशी नव्वदेक दिवसांची झाली आणि उंच वाढतच सुटली की आपणही शेंडा खुडतो, जोर बोंडाकडे जावा म्हणून. परदेशात आल्यापासून एखादी गोष्ट कोणी समजावून न सांगता कळावी अशी त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

मामांमुळेच मी घरचा हिशेब मांडायला बसलो. जळगाव जिल्ह्यात कपाशीखाली साधारण ५ लाख हेक्टर असतात, धुळ्यात दोनेक लाख, नंदुरबारात लाखाच्या वर. पाऊस, गेल्या साली मिळालेला भाव आणि बोंडअळीने दिलेला दणका यांवर आकडा खालीवर होतो. आपण खानदेशचे ८ लाख हेक्टर धरू. हॉलंडच्या सगळ्या ट्यूलिपच्या पन्नासपटीहून जास्त. क्यूकेनहॉफच्या बरोबर पंचवीस हजारपट.

चार बाय दोन फुटांवर लावण केली तर हेक्टरात साडेतेरा हजार झाडं बसतात. नांगे वजा जाता १३ हजार धरू. ८ लाख गुणिले १३ हजार, म्हणजे १,०४० कोटी झाडं. पृथ्वीवर माणसं आहेत ८२० कोटींच्या घरात. जगातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक झाड वाटून दिलं तरी खानदेशच्या बांधावर दोनशे कोटी झाडं उरतात.

झाडाला फुलं किती? बागायतीत शंभरावर पाती लागतात, कोरडवाहूत कमी. सरसकट ५० फुलं धरू. पैकी निम्मी गळतात. पातेगळ आणि फूलगळ हे शब्द काढले की कुठल्याही पारावर तासभर बोलणं चालतं. उरली २५ बोंडं. एका बोंडात ४ ग्रॅम कापूस धरला तर झाडाला १०० ग्रॅम, हेक्टरी १३ क्विंटल, एकरी पाच-सव्वापाच. हा उतारा कोरडवाहू शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे, म्हणजे आपला हिशेब हवेतला नाही. उलट बागायतदार म्हणेल, हात जरा जास्तच आखडता घेतलात.

१,०४० कोटी गुणिले ५०. उत्तर येतं ५२ हजार कोटी.

इथे कोटीवर कोटी चढवत बसण्यापेक्षा आपल्याच मुलखातल्या माणसाकडे जावं. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला, पाटणादेवीच्या परिसरात, १२०७ सालचा एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत, दहादहाच्या पटीने चढत जाणारी अठरा स्थानं दिली आहेत. त्या शिडीवर कोटीच्या वर अर्बुद, मग अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म. आपली फुलं निखर्वाच्या पायरीवर येऊन थांबतात: पाच निखर्व, दोन खर्व. महापद्माच्या निम्म्याहून जरा जास्त.

त्याच ‘लीलावती’त फुलांचंही गणित आहे. भुंग्यांच्या थव्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलांवर, या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एकटा भुंगा केतकी आणि मालतीच्या वासाने खुळावून मध्येच घिरट्या घालत राहिला; तर भुंगे किती? उत्तर पंधरा. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांना पंधरा भुंग्यांवर भागवलं, हे त्यांचं नशीब. कुडा अजून सातपुड्यात फुलतो.

आता हीच फुलं दिवसांत वाटू. कपाशीचा फुलोरा ऑगस्टच्या मध्यापासून जोर धरतो आणि दोन-सव्वादोन महिने चालतो. ६५ दिवस धरा. रोज सकाळी खानदेशात ८०० कोटी नवी फुलं उमलतात. आज उमललेली, काल नव्हती अशी. जगातल्या जवळपास प्रत्येक माणसाच्या वाट्याला रोज सकाळी एक ताजं फूल येईल एवढी. हॉलंडचा ‘रॉयल फ्लोराहॉलंड’ हा जगातला सगळ्यात मोठा फुलांचा लिलाव. तिथे वर्षभरात हजार ते बाराशे कोटी फुलं आणि झाडं विकली जातात. खानदेशात तेवढी दीड दिवसात उमलून जातात, आणि कोणी ढुंकून बघत नाही.

का बघत नाही, याचंही उत्तर आकड्यांतच आहे. ८०० कोटी फुलं ८ लाख हेक्टरांवर पसरली की हेक्टरी दहा हजार होतात, म्हणजे चौरस मीटरला एक. तेही पानाआड. क्यूकेनहॉफमध्ये तळी, वाटा, मोठी झाडं, उपाहारगृहं सगळं धरूनही चौरस मीटरला २२ कंद पडतात. श्रीनगरला दल सरोवराजवळ झबरवानच्या पायथ्याशी इंदिरा गांधी स्मृती ट्यूलिप बाग आहे, २००७ साली सुरू झालेली. तिच्या ३० हेक्टरांत १५ लाखांहून जास्त कंद, म्हणजे चौरस मीटरला पाचाच्या वर. आणि जपानमध्ये हिताची सीसाइड पार्कच्या टेकडीवर ४.२ हेक्टरांत निमोफिला नावाची ५३ लाख निळी रोपं लावतात. तिथे चौरस मीटरला १२६ रोपं, आणि एकेका रोपाला कितीतरी फुलं. वर आभाळ निळं, खाली टेकडी निळी, आणि मध्ये माणसांची रांग.

डोळ्याला एकूण आकडा कळत नाही. एका नजरेत, एका वेळी किती, एवढंच त्याला कळतं. ट्यूलिपची सारी कमाई या एका वेळी फुलण्यात आहे. एका जातीचे सगळे कंद मुळात एकाच कंदाची पिल्लं, त्यामुळे त्यांच्यात फरक नाही. त्यांना फुलायच्या आधी तीन-चार महिने थंडी लागते. ती सगळ्यांना सारखीच मिळते आणि सगळ्यांची सारखीच संपते. मग एका कंदाला एक फूल, आणि लाखो कंदांना एकाच आठवड्यात. कपाशीला ही शिस्त नाही. ती खालून वर फुलत जाते. आज एका फळफांदीवर फूल आलं की तीनेक दिवसांनी तिच्या वरच्या फांदीवर येणार. त्याच फांदीवर पुढचं यायला सहाएक दिवस. पाऊस, पाणी, खत मिळेल तशी ती महिनोन् महिने थोडं थोडं फुलते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हेच बरं. एक पाऊस बुडाला, एक बहर गळाला, तरी मागून दुसरा येतो. ट्यूलिपवाल्याला दुसरा बहर नाही.

आपल्याकडचा पळस याबाबतीत ट्यूलिपच्या जातीचा. तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा. शिरपूरचं अनेर धरण अभयारण्य ८३ चौरस किलोमीटरचं, म्हणजे अडीचशेहून जास्त क्यूकेनहॉफ त्यात मावतील. फेब्रुवारी-मार्चात पळस आधी सगळी पानं टाकतो आणि मग एकदम पेटतो. मध्ये पान नाही, त्यामुळे एकही फूल लपत नाही. होळीच्या आधी पाड्यापाड्यांवर भोंगऱ्या बाजार भरतात तो हाच मोसम. ज्याला वसंतच बघायचा आहे त्याने व्हिसाच्या आधी एकदा ती वाट धरावी. पुढे मोह टपकायला लागतो. तिथे तर फूल हेच पीक, आणि पावरा बायका-पोरं पहाटे उठून ते एकेक वेचतात. पण मी कापसाकडे परत येतो, कारण आकड्यांचा खरा मासला तिथेच आहे.

कापसाचं फूल जवळून बघितलेली माणसं कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातही थोडी. सकाळी ऊन जरा वर आलं की ते उघडतं. पिवळसर पांढऱ्या पाच पाकळ्या, एकीवर एक किंचित चढलेल्या, मध्ये परागांनी भरलेला दांडा, आणि बाहेरून झालरीसारखी कातरलेली तीन हिरवी पानं. संध्याकाळपासून पाकळ्यांना गुलाबी झाक येते. दुसऱ्या दिवशी ते पुरतं गुलाबी होऊन मिटतं, मग वाळून गळतं, आणि त्याच्या बुडाशी हरभऱ्याएवढं बोंड दिसतं. एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी फुलं दिसतात ती दोन जातींची नव्हेत, आजची आणि कालची. फुलं मोजायची असतील तर फक्त पांढरी मोजायची.

आणि मोजतातही. कपाशीत कोणी वाकून फुलं निरखताना दिसला तर तो रसिक आहे असं समजू नका, तो डोमकळ्या शोधतो आहे. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या आतून जाळ्याने बांधून टाकते. ते फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. दिसेल ती तोडायची आणि अळीसकट नष्ट करायची. शंभर फुलांत दहा डोमकळ्या निघाल्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की फवारणीची वेळ आली. फुलांकडे एवढं बारकाईनं बघणारं गाऱ्हाणेखोर डोळ्यांचं गिऱ्हाईक हॉलंडच्या बागेलाही मिळत नसेल.

आता पैशाकडे. बोंडाचा कापूस ४ ग्रॅम, म्हणून एका क्विंटलला २५ हजार बोंडं. वेचणी हाताने. दिवसाला ४० किलो वेचणाऱ्या बाईच्या बोटांतून १० हजार बोंडं जातात, किलोवर मजुरी. खानदेशची सगळी मिळून २६ हजार कोटी बोंडं; या वेगाने ती वेचायला २ कोटी ६० लाख मजूर-दिवस लागतात. क्यूकेनहॉफचे ४० माळी त्या कामाला लावले तर, सुट्टी न घेता, साडेसतराशे वर्षांहून जास्त लागतील.

२०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. एका बोंडाचे बत्तीस पैसे झाले. क्यूकेनहॉफचं तिकीट २० युरोच्या आसपास, आपले दोन हजार रुपये. दोन हजारांसाठी २५ किलो कापूस घालावा लागतो. म्हणजे सहा हजारांवर बोंडं. आणि निम्मी गळतात म्हणून बारा हजार फुलं. पाच फुलांच्या वाट्यासाठी बारा हजार फुलं! विमानाचं भाडं यात धरलेलं नाही. ते धरलं तर दोन माणसांच्या प्रवासाला काही एकर कापूस सहज लागतो.

फोटोतल्या काकांच्या जाकिटाखाली जो सुती शर्ट आहे, त्याचंही बघू. पाव किलो रुईचा शर्ट धरला तर पाऊण किलोच्या जरा आत कापूस, एकशे ऐंशीवर बोंडं, साडेतीनशेहून जास्त फुलं. जिनिंगमधून निघणाऱ्या १७० किलोच्या एका गाठीत अडीच लाख फुलांचा हिशेब बांधलेला असतो. शिरपूरच्या सूतगिरणीच्या फाटकातून गाठींचा ट्रक आत जाताना बघा. एका ट्रकला शंभर गाठी धरल्या तर अडीच कोटी फुलं, म्हणजे साडेतीन क्यूकेनहॉफ, ताडपत्रीखाली.

फुलांपायी वेड लागण्याची गोष्ट दोन्ही मुलखांत घडून गेली आहे. हॉलंडमध्ये १६३० च्या दशकात ट्यूलिपच्या एकेका कंदाला कुशल कारागिराच्या दहा-दहा वर्षांच्या कमाईएवढी किंमत आली. ५ फेब्रुवारी १६३७ ला आल्कमार गावी एका मृत धंदेवाल्याच्या अनाथ मुलांसाठी त्याच्या कंदांचा लिलाव झाला, त्यात ९० हजार गिल्डर जमले. बाजार बसायला त्याच आठवड्यात सुरुवात झाली होती. सगळ्यात महाग होती ती पांढऱ्यावर लाल ज्वाळा उठलेली फुलं. आणि त्या ज्वाळा विषाणूमुळे उठत हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. तो विषाणू पसरवणारी कीड मावा. ज्या माव्यावर आपण पंप पाठीला लावून फवारतो, त्याच्याच भाऊबंदांनी डच सावकारांना नादी लावलं होतं.

आपलं वेड १८६१ ते १८६५ चं. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला पोचेनासा झाला, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशचा कलेक्टर ॲशबर्नर कापसाच्या मागे हात धुऊन लागला होता. तो पैसा मुंबईत जाऊन शेअरबाजारात शिरला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस उतरला आणि मुंबईतल्या पेढ्या धडाधड कोसळल्या. मला दोन्हींतला एक फरक मोठा वाटतो. हॉलंडमध्ये कंदाची हौस बुडाली तरी पोटापाण्याचं पीक बुडालं नव्हतं. आपल्याकडे बुडाला तो कापूस पिकवणारा कुणबीही. पुढे १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात डचांनी तेच ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. कापूस काही असा शिजवून खाता येत नाही.

तेव्हा काकूंच्या त्या वाक्यावर माझा निकाल असा: एवढी फुलं एकदम पाहिली नव्हती, इतकं म्हणा, मग वाक्य बिनचूक आहे. हॉलंडला जरूर जा. एप्रिलच्या मध्याला गेलात तर बाग आणि बाहेरची शेतं दोन्ही भरात मिळण्याची शक्यता जास्त. मेमध्ये यंत्र फिरून गेलेलं असतं. तिकीट आधी काढून ठेवा.

आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर कधीही, सकाळी आठ ते अकराच्या आत, शिरपूरहून चोपड्याच्या रस्त्याला लागा. दोन्ही बाजूंना कपाशीच आहे. शेतमालकाला विचारून बांधावर उभे राहा, एका झाडावरची पांढरी फुलं मोजा आणि हेक्टरी तेरा हजारांनी गुणून बघा. तिकीट नाही. फवारणीचा वास येत असेल तर मात्र त्या शेतात पाऊल टाकू नका.